कानावरची खूण

डोंगरातली मेंढरं खाली आली, की आस्वाल्दूरला अंगात नवं बळ आल्यासारखं वाटे. या सप्टेंबरात मात्र, सगळ्यांची मेंढरं एकत्र कोंडून वेगळी काढतात त्या गोल आवाराच्या फाटकाशी तो थबकला. अट त्यानंच घातली होती. आपली मेंढरं स्वतः ओळखून आवाराच्या कडेच्या आपल्या कप्प्यात नेता आली, तर कळप ठेवायचा. नाहीतर मेंढरं विकून शहरात मुलीकडे, स्टेनवरकडे, राहायला जायचं.

"चष्मा घाला, बाबा," मदतीला आलेली स्टेनवर म्हणाली.

"कान चाचपला की पुरे. माझ्या बापानं कधी चष्मा लावला होता?"

"आजोबा म्हातारे होईपर्यंत जगलेच कुठे?"

त्याची खूण सोपी होती: उजव्या कानाचा शेंडा छाटलेला, डाव्याला मागून खाच. हातमोजे काढून तो एकेक कान चाचपायचा आणि मेंढीला शिंगांना धरून ओढत न्यायचा. शेजारचा म्हातारा एगिल कुंपणावर बसून तपकीर ओढत होता.

"अरे, तू मेंढीला नेतोयस की मेंढी तुला?"

"तू आधी तिथून खाली उतरून दाखव!"

दुपारी धाप लागली, म्हणून तो कॉफी घेऊन बसला. स्टेनवरचा लाल स्वेटर त्याला दुरूनही कळत होता. ती त्याच्या कप्प्यातून एक मेंढी बाहेर काढत होती. मग आणखी एक. एगिल मुकाट्यानं आपल्या कप्प्याचं दार उघडत होता. त्यानं चेष्टा केली नाही, हेच आस्वाल्दूरला जास्त लागलं.

लहानपणी एकदा स्टेनवरनं इथेच चुकीचं कोकरू आणलं होतं. "डोळे आहेत की भोकं?" सगळ्यांदेखत तो ओरडला होता. लोक हसले होते. पुढच्या वर्षापासून या दिवशी ती घरी सूप ढवळत बसू लागली आणि मग शहरात गेली. पोरीला मेंढरांची आवडच नाही, असं तो इतकी वर्षं सांगत आला होता.

तो उठून तिच्यापाशी गेला.

"कुणाच्या होत्या?"

"कुठल्या?"

"स्टेनवर."

"एगिलकाकांच्या," ती हळूच म्हणाली.

"मग ओरडली का नाहीस?"

"सगळे होते ना इथे."

त्या चुकीच्या कोकराबद्दल काहीतरी त्याच्या ओठांवर आलं. त्यानं हातमोजे चढवले.

"मेंढरं न्यायला ट्रकवाल्याला फोन कर," तो म्हणाला. ती वळली, तसा पुन्हा म्हणाला, "ती काळी म्हातारी मेंढी एगिलला देऊन टाक. तिला गाडी लागते."