एक गादीवर, एक धुण्यात, एक कपाटात

माझ्या थोरल्या जाऊबाई एका मोठ्या इस्पितळात चादरींची खोली सांभाळतात. एकतीस वर्षं झाली. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे डगले, बाळांची दुपटी, जे जे कापड धुऊन पुन्हा वापरायचं ते सगळं त्यांच्या ताब्यात. तळघरातली लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या आणि दाराशी एक उंच स्टूल. त्या स्टुलावरून नुसती मान फिरवून त्या सांगतात, आज तिसऱ्या मजल्यावर चादरी कमी पडणार. आणि पडतात.

त्यांचा एक नियम आहे. प्रत्येक खाटेमागे तीन जोड: एक गादीवर, एक धुण्यात, एक कपाटात. नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवतात. "कपाटातल्या जोडाला हात लागला की समजायचं, आपण कालच चुकलोय."

यंदा मात्र त्या स्वतःच चुकल्या. बालविभागाचे दोन गठ्ठे भलत्याच मजल्यावर पाठवले. कुणाचं काही बिघडलं नाही, तासाभरात गठ्ठे जागेवर आले, पण एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याच आठवड्यात त्या जिन्यावरून घसरल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आमचं तळमजल्यावर. म्हणून प्लॅस्टर घेऊन त्या सहा आठवडे आमच्याकडे आल्या. पाठोपाठ त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म घेऊन आले. सगळा भरलेला, फक्त सही बाकी.

"झालं की आता पुष्कळ," दादा म्हणाले. "तुझं हल्ली लक्ष राहत नाही. उगाच एखाद्याच्या जिवावर बेतायचं."

दादा वाईट नाहीत. काळजीनंच बोलत होते. पण संध्याकाळी माझ्यासोबत भाजी निवडताना जाऊबाई हळूच म्हणाल्या, "खरंच माझं डोकं कामातून गेलं असेल का गं?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय, ताई." पण नुसत्या तेवढ्यानं कुणाचं समाधान होतं का?

त्यांची खाट बैठकीच्या खोलीत टाकली होती, आमच्या ह्यांच्या कॉम्प्युटरशेजारी. हे दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि घरी आले की राज्य चालवतात. त्यांचा एक खेळ आहे, पुरातन काळातला. नदीकाठी पाच नगरं, त्यातलं सगळ्यात दुबळं आपलं. खेळ एकेका फेरीनं पुढे सरकतो: आपण आपली माणसं हलवायची, शेती, भिंती, रस्ते काय ते करायचं, मग 'फेरी संपली' असं दाबायचं. तसं केलं की बाकीची चार नगरं आपापल्या चाली करतात. ऐंशी फेऱ्या आपलं नगर टिकवलं की जिंकलो. उत्तरेचा राजा मात्र टिकू देत नाही. ह्यांच्या खेळगड्यांच्या मंडळात दोन वर्षांत ऐंशी फेऱ्या कुणीही गाठल्या नव्हत्या. आमचे हे पंचेचाळिसाव्याच्या आसपास गाशा गुंडाळायचे.

दोन दिवस जाऊबाईंनी नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "भावजी, हे लोक काय खातात?"

"कुठले लोक?"

"हे तुमचे भालेवाले. मघापासून नुसती भरती चाललीय."

"खातात की. तो वर धान्याचा आकडा."

"तो लाल झालाय."

"लढाई म्हटली की होतोच, वहिनी."

चार फेऱ्यांत दोन तुकड्या गायब झाल्या. "पळाले साले," हे म्हणाले.

"पळाले नाहीत," जाऊबाई म्हणाल्या. "जेवायला गेले."

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर त्यांनी माझ्याकडून खेळ सुरू करून घेतला. पाय स्टुलावर, मांडीवर वही. पहिल्या वीस फेऱ्यांत त्यांनी एकही नवा सैनिक घेतला नाही. कोठार बांधलं, पाट काढले, शेतापासून कोठारापर्यंत रस्ता केला. उत्तरेचे रथ आले तेव्हा उघड्या मैदानात गेल्याच नाहीत. मोजके भालेवाले टेकडीवर बसवले आणि नदीच्या उताराशी वाट पाहिली. पाण्यातून चढून येणारा रथ अर्धा दमलेला असतो, हे त्यांनी ह्यांचे तीन पराभव बघून टिपून ठेवलं होतं. आणि सैन्याचे तीन जोड केले: एक तटावर, एक नगरात जखमा भरायला, एक राखीव.

संध्याकाळी हे बूट न काढताच पडद्यासमोर उभे राहिले. "एकावन्नावी फेरी? तुम्ही?"

"पडलं हो शेवटी. त्या राजाच्या यंत्रांनी तट फोडला."

ह्यांनी मागच्या चाली उलगडून पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, तिसाव्या फेरीला ही तुकडी काढून का टाकलीत?"

"जुनी झाली होती."

"म्हणजे?"

"सगळ्यात आधीची ती. आमच्याकडे जुना माल आधी बाद करतात. नव्याला जागा होते."

"अहो, ही चादर नाहीये. सात लढाया लढलेली तुकडी आहे. तिचा एक भालेवाला नव्या तिघांना भारी. बघा इथं, हे तीन तारे त्यासाठीच."

जाऊबाईंनी ते तारे निरखून पाहिले. "असं होय," म्हणाल्या. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि पेन्सिलीनं दोनदा अधोरेखित केलं. मी नंतर हळूच पाहिलं. लिहिलं होतं: 'जुने काढू नयेत. वेशीवर ठेवावेत.'

त्यानंतर चार आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी पोळ्या लाटता लाटता पूर्वेच्या नगराबद्दल मत द्यायला लागले. त्या नगराला एक फेरी सोडून एक धान्य पाठवलं की ते उत्तरेशी तह करत नाही आणि राजाचं अर्धं सैन्य तिकडे अडकून पडतं, हा शोध जाऊबाईंचाच. हे चिडून म्हणायचे, "शत्रूच्या शेजाऱ्याला फुकट खायला घालताय." त्या म्हणायच्या, "शेजारी उपाशी असला तर आधी आपल्याच भिंतीवर चढतो." प्लॅस्टर निघेपर्यंत त्या सदुसष्टाव्या फेरीला पोचल्या होत्या. पुढे काही सरकेना.

मग मंडळाची वार्षिक स्पर्धा आली. हाच डाव, सगळ्यात अवघड पातळी, प्रत्येकाचा वेगळा कॉम्प्युटर, मुदत चार तास. रविवारी स्पर्धा आणि सोमवारी जाऊबाईंची रजा संपत होती. शुक्रवारी दादा फॉर्मसाठी आले.

"रविवारपर्यंत थांबा," जाऊबाई म्हणाल्या. "ऐंशी फेऱ्या टिकले तर सोमवारी कामावर जाते. पडले तर तिथेच सही करते, पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही."

दादा हसले. "खेळावर नोकरी?"

"तुम्ही दोन गठ्ठ्यांवर ठरवलंत. मी ऐंशी फेऱ्यांवर ठरवतेय."

दादांचं हसू मावळलं. "बरं. शब्द दिला."

स्पर्धा एका दुरुस्तीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होती. अकरा टेबलं, जमिनीवर वायरींचा नुसता गुंता आणि स्पर्धकांमध्ये जाऊबाई एकट्याच बाई. शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणाला, "काकू, चुकून आलात का?" त्या म्हणाल्या, "नाही, पत्ता विचारून आले."

नियम एकच कडक: मागून कुणी सुचवायचं नाही. दादा आणि मी भिंतीशी खुर्च्या टाकून बसलो. दाढीवाला अडतिसाव्या फेरीला उठला. आमचे हे त्रेचाळिसाव्याला. ते येऊन जाऊबाईंच्या मागे उभे राहिले आणि ओठ दाताखाली धरून बघू लागले.

साठाव्या फेरीला हॉलमध्ये चारच कॉम्प्युटर चालू होते. पासष्टाव्याला दोन. अडुसष्टाव्याला दुसरा खेळाडू खुर्ची मागे सारून उठला आणि तोही जाऊबाईंच्या मागे आला; मीही उठून ह्यांच्याशेजारी उभी राहिले. आता पडद्यावर राजाचं सगळं सैन्य नगराभोवती. तट फोडणारी तीन यंत्रं. आमची वेस तीन ताऱ्यांवाल्या म्हाताऱ्या तुकडीनं धरलेली.

सत्तराव्या फेरीला दक्षिणेचा तट कोसळला. ह्यांच्या तोंडून "हं" असा आवाज निघाला. पंचांनी बोट दाखवून गप्प केलं.

जाऊबाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. मग त्यांनी जे केलं त्यानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खिंडार बुजवायला राखीव जोड पाठवायचा सोडून त्यांनी सगळंच सैन्य मागे घेतलं. वरच्या बालेकिल्ल्यात. खालचं नगर, घरं, कोठार, सगळं सोडून दिलं.

"कोठार दिलं?" दाढीवाला माझ्या कानाशी कुजबुजला. "आता राजा वर्षभर बसून खाईल."

राजा आत घुसला. कोठारावर त्याचं निशाण लागलं. त्याखाली आकडा उमटला: शून्य.

क्षणभर कुणालाच कळेना. मग ह्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. धान्य आधीच वर गेलं होतं. कितीतरी फेऱ्यांपासून प्रत्येक फेरीला एकच गाडी, रस्त्यानं, गुपचूप बालेकिल्ल्यात. लढाईच्या धांदलीत आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. आणि एवढं प्रचंड सैन्य आता रिकाम्या नगरात अडकलं होतं.

बाहत्तराव्या फेरीला राजाचा धान्याचा आकडा लाल झाला. त्र्याहत्तराव्याला त्याचे रथ कमी झाले. पण यंत्रं वर सरकत होती. पंचाहत्तराव्याला बालेकिल्ल्याच्या दारावर पहिला घाव बसला. म्हातारी तुकडी निम्मी झाली. जाऊबाईंनी तिला आत घेतलं, दुसरा जोड दारात उभा केला. सत्त्याहत्तराव्याला तो निम्मा झाला, तिसरा जोड पुढे. राजाच्या दोन तुकड्या पळाल्या.

"जेवायला गेले," हे इतक्या हळू पुटपुटले की पंचांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दादा केव्हा उठून जाऊबाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही. "अजून किती?" त्यांनी मला खुणेनं विचारलं. मी तीन बोटं दाखवली. त्यांच्या कपाळावर घाम होता.

एकोणऐंशी. दार फुटलं. आत उरले होते भालेवाल्यांचे तीन जोड, तिन्ही जखमी, आणि त्यात म्हातारी तुकडी जेमतेम भरून आलेली. जाऊबाईंनी तिलाच पुन्हा दारात उभं केलं आणि 'फेरी संपली' दाबलं. राजानं हल्ला केला. तीन ताऱ्यांतला एक तारा विझला. तुकडी जागची हलली नाही.

ऐंशी.

हॉलमध्ये टेबलं बडवली गेली. दाढीवाल्यानं पुढे होऊन जाऊबाईंना वाकून नमस्कार केला. हे सगळ्यांना सांगत सुटले, "माझ्या वहिनी आहेत. घरच्याच."

जाऊबाई पाय चोळत बसल्या होत्या. दादा त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. मग विचारलं, "धान्य वर न्यायचं तुला सुचलं कधी?"

"बावन्नाव्या फेरीला सुरुवात केली."

"तेव्हा तर तट शाबूत होता."

"वॉर्ड रिकामा करायची वेळ येणार असेल, तर चादरी आदल्या आठवड्यात हलवायच्या असतात. खाटा ढकलायला लागल्यावर नाही."

दादांनी मान हलवली. कोटाच्या आतल्या खिशावरून एकदा हात फिरवला, पण फॉर्म काही बाहेर काढला नाही.

"उद्या किती वाजता सोडू तुला?"

"सातला ड्युटी आहे. पण साडेसहाला पोचायला हवं," जाऊबाई म्हणाल्या. "बदलीवरच्या बाईंनी मांडण्यांचा काय काला केलाय, कुणास ठाऊक."