ऑपरेशनच्या टेबलावर खंडोबाशी भांडण

सातव्या महिन्यात सोनोग्राफी करून घरी आले आणि पहिलं काम काय केलं, तर देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाचं तोंड भिंतीकडं फिरवलं. भीतीनं नाही, रागानं. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. पोट फाडून ते काढावं लागलं आणि मी नीट बघायच्या आत झाकून बाहेर नेलं. आता कुठं पुन्हा दिवस गेले होते, तर डॉक्टर सांगत होते की वार खाली आली आहे, गर्भाशयाचं तोंड अडवून बसली आहे, आणि मागच्या टाक्यांच्या जागी चिकटल्यासारखी दिसते. म्हणजे बाळंतपणात रक्त जाणार, आणि किती जाईल ते कुणीच आधी सांगू शकत नव्हतं. बाळ जाऊ शकतं, मी जाऊ शकते, दोघंही जाऊ शकतो. हे ऐकून ज्याच्या नावानं जन्मभर हळद उधळली, त्याचं तोंड बघायची मला इच्छा राहिली नाही. संध्याकाळी दिवा लावताना सासूबाई टाक सरळ करायच्या, सकाळी मी पुन्हा फिरवायची. कितीतरी दिवस आमचं दोघींचं हे असं चाललं होतं.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते. माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. उघड्या माळावर हाका मारून मारून आमच्या घरात सगळ्यांचेच आवाज मोठे, आणि माझ्या तर नाकावर राग. त्यात गर्भारपण अवघड झालं म्हटल्यावर ज्याला त्याला माझ्या रागातच कारण सापडलं. शेजारीण म्हणाली, "तू लई चिडतीस, म्हून वार खाली आली." सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या म्हणाल्या, "देवाचं कायतरी राहिलंय." मी म्हटलं, "मग काय राहिलंय ते सांगायला त्याची जीभ झडली का?" आत्यांनी कानांवर हात ठेवले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बाईचं रक्त जाणार, बाईचा जीव टांगणीला लागणार, आणि वर तिनंच काहीतरी चुकवलं असणार! दोष द्यायला सगळे हजर. माझ्या पोटात नेमकं काय झालंय, हे समजून घ्यायला मात्र कुणाला वेळ नव्हता.

शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मला पद्मा सिस्टर भेटल्या. त्यांच्या बिल्ल्यावर मिडवाइफ असं लिहिलेलं होतं. गावाकडं सुईण म्हणतात तीच का तुम्ही, असं मी जरा खवचटपणेच विचारलं. त्या हसल्या. "काम तेच, अक्का. पण सुईण बिचारी एकटी असायची. मी एकटी नाही." त्यांचं घर विणकरांचं, घरात तेलुगू, आणि दवाखान्यातल्या प्रत्येक बाईला त्या अक्का म्हणायच्या, मग ती त्यांच्याहून लहान का असेना. सरळ बाळंतपणं त्या स्वतः करत, पण माझ्या बाबतीत त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. "हे माझ्या एकटीच्या हातचं नाही. ऑपरेशन मॅडम करतील. भुलीचे सर असतील, बाळाचे डॉक्टर असतील, रक्त आधीच आणून ठेवू. मी तुमच्या डोक्याशी उभी राहीन." मी विचारलं, "डोक्याशी हुबं ऱ्हाऊन काय करणार?" त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं बघणार. बाकी सगळ्यांचं लक्ष पोटाकडं असतं." त्या वेळी मला हे बोलणं फार काही पटलं नव्हतं.

मॅडमनी मला तारखेच्या खूप आधीच भरती करून घेतलं, तेव्हा मी वॉर्ड डोक्यावर घेतला. पोटात दुखत नाही, कळा नाहीत, चांगली हिंडतेफिरते, आणि मला म्हणे झोपून राहा! मॅडम पाठ फिरवून निघून गेल्या नाहीत, एवढं खरं. पद्मा सिस्टर आणि भुलीचे सर यांना घेऊन त्या माझ्या खाटेशी परत आल्या आणि तिघांनी मिळून मला सगळं समजावलं. घरी रक्त सुरू झालं तर दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर होईल. ऑपरेशनमध्ये वार सुटली नाही आणि रक्त थांबलं नाही, तर पिशवी काढावी लागेल, म्हणजे पुन्हा मूल होणार नाही. माझा नवरा शेजारी मान खाली घालून उभा होता. मी सही केली आणि मग उशीत तोंड खुपसून रडले. इतरांनी सांगितलं असतं, रडू नको, चिडू नको, बाळाला त्रास होतो. पद्मा सिस्टर म्हणाल्या, "चिडा हो. फक्त इथं राहून चिडा." तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांचं सगळं ऐकायचं ठरवलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आत्या बाळे गावच्या खंडोबाचा भंडारा घेऊन आल्या आणि माझं कपाळ पिवळंधमक करून टाकलं. देवावर माझा राग होता, तरी मी कपाळ पुढं केलं, कारण पोटातल्या जिवासाठी मी कुणापुढंही डोकं टेकवायला तयार होते. आत नेल्यावर भुलीचे सर म्हणाले, "हे पुसावं लागेल. चेहऱ्याचा रंग मला दिसायला हवा." झालं! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "पुसायचं न्हाय," मी ओरडले. पद्मा सिस्टरांनी ओल्या कापसानं हळूहळू ते पुसायला घेतलं आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "बाहेर आल्यावर मी स्वतः लावते, अक्का. आता तुमचा चेहरा मला दिसू दे." मी पुसू दिलं, पण आतून जळत होते. राग सिस्टरांवर नव्हता. ज्याला माझ्या कपाळावरसुद्धा टिकता येत नाही, तो माझ्या पोटातल्या लेकराला काय राखणार, असं मनात येत होतं.

कमरेत सुई दिली, पाय जड झाले, पोटापुढं हिरवा पडदा लागला. सर म्हणाले, "बोलत राहा. काहीही बोला, पण थांबू नका. सिस्टर, यांचा आवाज थांबला की लगेच सांगा मला." पद्मा सिस्टर म्हणाल्या, "देवाचं नाव घ्या." मी तोंड उघडलं, पण नाव काही येईना. आलं ते भलतंच. "मल्हारी," मी सुरू झाले, "येळकोट येळकोट करून आमचे घसे बसले, आन् तू? माजं पहिलं लेकरू नेलंस तवा कुटं हुतास? घोड्यावर बसून येवढ्या घाईत कुटं निगाला हुतास? आत्या म्हंत्यात तुजं कायतरी राहिलंय. काय राहिलंय ते बोल की एकदाचं! सिस्टर हितं हायत, मॅडम हितं हायत, सर हितं हायत. तू तेवढा कुटं हायस?" पडद्यापलीकडं कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. माझं तोंड थांबेना. ज्या देवापुढं लहानपणापासून हात जोडून पुटपुटत आले, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा मनातलं खरंखरं सांगत होते. तेवढ्यात बाळाचा आवाज आला. चिरका, रागीट, अगदी माझ्यासारखा. "पोरगी आहे, अक्का," असं म्हणत पद्मा सिस्टरांनी तिचा ओला गाल क्षणभर माझ्या गालाला लावला आणि बाळाच्या डॉक्टरांनी तिला नेलं. मी पुन्हा देवाकडं वळले. "ही दिलीस म्हून मागचं माफ न्हाय तुला. आन् हिला जर का तू..."

पुढचं वाक्य मनात तयार होतं, पण जीभ हलेना. गंमत म्हणजे राग निघून गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काही म्हणजे काही बोलायचं नव्हतं. वरचा दिवा लांब लांब जात होता, आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटत होते, आणि मला फार बरं वाटत होतं. लोक ज्याला शांती म्हणतात ती हीच असेल तर तिची मला आज भीती वाटते. त्या शांततेत पद्मा सिस्टरांचा आवाज तेवढा स्वच्छ ऐकू आला. "सर, अक्का थांबली." मग एकदम धावपळ उडाली. मॅडम काहीतरी मागत होत्या, सरांचा हात माझ्या तोंडाजवळ आला, रक्ताची पिशवी कुणीतरी वर टांगली. पद्मा सिस्टर माझ्या कानाशी ओरडत होत्या, "बोल अक्का! भांड! अजून राहिलंय तुझं!" कधी नव्हे ते त्या मला अगं-तुगं करत होत्या. मी बोलू शकले नाही. पण कुणीतरी कपाळावर तळवा ठेवल्यासारखं वाटलं, जड आणि कोमट, आणि हळदीचा दाट वास आला. तो पुसलेल्या भंडाऱ्याचा असेल, तळवा सिस्टरांचा असेल. मला त्यावर वाद घालायचा नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या हाताखाली मी स्वतःला सोडून दिलं. वाचव म्हणायची ताकदसुद्धा उरली नव्हती. मग सरांनी पूर्ण भूल दिली.

जागी झाले तेव्हा आधी तहान लागली आणि मग आठवलं. पद्मा सिस्टर शेजारी होत्या. त्यांनी काही झाकून ठेवलं नाही. पोरगी छान होती, मॅडमना पिशवी काढावी लागली होती, रक्त खूप गेलं होतं. मी बोलायची थांबले तेव्हा रक्तदाबाच्या यंत्राचं पुढचं माप यायला अजून वेळ होता. पडद्यामागं वार सुटत नव्हती, सगळे हात तिथं गुंतलेले होते. "मी फक्त सांगितलं हो," त्या म्हणाल्या. "पुढचं सगळं त्यांनी केलं." मग त्यांनी आत्यांकडून भंडारा मागून घेतला आणि चिमूटभर माझ्या कपाळाला लावला. मी त्यांचा हात धरला आणि पिशवीसाठी रडले, पोरीसाठी रडले, माझ्या पहिल्या बाळासाठीही रडले, आणि त्यांनी मला पोटभर रडू दिलं.

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो तो म्हणायचा, खंडोबानं वाचवलं. वाचवलंच, मी कुठं नाही म्हणते? पण त्यानं हात कुणाचे घेतले, ते विचारायला नको का? सिस्टरांचं नाव नाही, मॅडमचं नाही, ज्यांनी मला रक्त दिलं त्या परक्या माणसांचं नाही. मग शेजारीण आली, पोरीला निरखून बघितलं आणि म्हणाली, "पिशवी गेली, आन् पदरात पोरगी! देवानं वाचवलं खरं, पर अर्धंच." टाके दुखत होते, नाहीतर मी तिथंच उठून उभी राहिले असते. पण माझ्या आधी आत्या बोलल्या. "उठ. च्या घेतलास न्हवं? जा आता." त्यांचा असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

शेजारीण गेल्यावर आत्यांनी पोरीला मांडीवर घेतलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माजी थोरली बहीन केम गावाला बाळंत झाली, घरातच. लई वरडत हुती. पोर झालं, आन् मग गप झाली. आमाला वाटलं, दमली, निजली असंल. आमी तिच्या अंगावर वाकळ घातली." त्या पोरीचं दुपटं पुन्हा पुन्हा सारखं करत राहिल्या. ती बाई गप्प झाली तेव्हा चार जणी तिच्या अवतीभोवती होत्या, तिला जीव लावणाऱ्या होत्या, आणि गप्प होणं म्हणजे काय ते सांगणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. तिनं देवाचं काय राहू दिलं होतं? माझ्या डोक्याशी माणूस उभा करता येतो, तर तिच्या का नाही? आणि आज ज्या वाड्यावस्त्यांवर टँकर पोचतो पण सिस्टर पोचत नाही, तिथल्या बायकांच्या डोक्याशी कोण आहे? कृपा म्हणतात ती मला मिळाली, तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण ती मला मिळाली आणि आत्यांच्या बहिणीला मिळाली नाही, हे मी कसं गिळू?

म्हणून माझं भांडण मिटलेलं नाही. पोरीला पाजून झालं की मी देव्हाऱ्यापुढं बसते आणि मोठ्या आवाजात सुरू होते. आधी सगळ्यांच्या नावानं हात जोडते, पद्मा सिस्टर, मॅडम, सर, आणि नाव माहीत नसलेले रक्त देणारे. मग आत्यांच्या बहिणीचा हिशेब मागते, माझ्या पहिल्या बाळाचा मागते. उत्तर येत नाही. पण टेबलावर मी एक गोष्ट शिकले, ती अशी की आपलं सगळं बोलून झाल्यावर एक जागा येते, तिथं आपल्या हातात काही उरत नाही, आणि तिथं कुणाच्या तरी हाताखाली स्वतःला ठेवून द्यावं लागतं. आता रोज बोलून संपलं की मी तशीच डोळे मिटून थोडा वेळ बसून राहते.

पहिल्या दिवशी मी अशी बसले, तर स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज एकदम थांबला. आत्या पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि माझा खांदा गदागदा हलवला. त्यांचे डोळे भ्यालेले होते.

"गप का झालीस गं? बोल की!"

"काय न्हाय, आत्या," मी म्हटलं. "माजं बोलून झालं. आता त्याची पाळी हाय."