माझा कोरा बिल्ला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही — ती तिकडे कोकणात, मी इथे मेहकरात. फोनवर अशा गोष्टी कशा बोलायच्या?

मी आठवीतून शाळा सोडली. रस्त्याच्या कामावर इकडे आलो आणि काविळीने दवाखान्यात पडलो. तिथल्या एक्स-रे खोलीतल्या काशिनाथभाऊंनी मला घरचा डबा खाऊ घातला, बरा झाल्यावर मदतनीस म्हणून चिकटवलं. मी मशीनला बिचकायचो. भाऊ म्हणायचे, ‘‘काऊन भेतं बे? वाघ हाये का थो?’’ शिशाचे एप्रन दोनच होते. चांगला त्यांनी मला दिला. घडीवर भेगा पडलेला स्वतः घालायचे. लहान लेकरू फोटोला हलायला लागलं की त्याला धरायलाही तेच पुढे. त्यांचे उपकार — कुठून मोजू?

छातीवर लावायला आम्हाला एकेक बिल्ला असतो. अंगावर किती किरण पडले ते त्यात कळतं. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. पहिल्याच दिवशी मॅनेजर हसत म्हणाला होता, ‘‘आकडा वाढला की गाडीत बसवून घरी.’’

तो हसला. मी मात्र ते खरं धरलं.

मग बाहेरचे डॉक्टर आले. थोड्या थोड्या किरणांनीही माणूस आतून लोखंडासारखा गंजत जातो का, हे त्यांना पाहायचं होतं. आमचं रक्त नेलं. दोघांच्याही रक्तात तशा गंजण्याच्या खुणा निघाल्या. तो गंज रोखायला आवळे खा म्हणाले, आणि एप्रन बदला. त्यांनी तसं लिहून दिलेला कागद घेऊन भाऊ दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे गेले, मलाही सोबत नेलं.

साहेबांनी दोन्ही बिल्ल्यांचे आकडे पुढे ठेवले. भाऊंचा वाढलेला. माझा कोरा. खोली एक, मशीन एक — मग हे कसं? नवा एप्रन मिळावा म्हणून बिल्ला मुद्दाम मशीनजवळ ठेवलास, असं ते भाऊंना म्हणाले. मग मला विचारलं, ‘‘तू रोज लावतोस ना?’’

‘‘हाव, सर.’’

माझा बिल्ला वर्षभर डब्याच्या पिशवीत होता. व्हरांड्यातल्या कपाटात, खोलीपासून लांब. रोज सकाळी मी तो तिथे लपवत होतो — आकडा वाढू नये, घरी धाडू नये म्हणून.

तेव्हा तरी बोलता आलं असतं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, कळलं त्यांना. पण ते साहेबांना म्हणाले, ‘‘पोरगं खोटं नाई बोलत, साहेब. माह्याच बिल्ल्यात काई गडबड असन.’’



लबाड ठरवून त्यांना काढलं. नवा एप्रन आलाच नाही. भाऊ सुलतानपूरला असतात, लवकर थकतात म्हणे. ते किरणांनीच का, कुणी सांगू शकत नाही. माझ्या खोटेपणाचं तसं नाही, ते मला नक्की ठाऊक आहे.

दर हिवाळ्यात एसटीच्या कंडक्टरजवळ ते आवळ्यांची पिशवी धाडतात. त्यांनी ऐकलं होतं ना, माझंही रक्त तसंच निघालं म्हणून. परवाही आली. वर चिठ्ठी होती — रोज दोन खाय, आन बिल्ला लावत जाय.

मी दोन खाल्ले.