रविवार कोणत्या आठवड्याचा

आमच्या घरी रविवार शुक्रवारी यायचा. पप्पा डोंबिवली एमआयडीसीत मशीनवर आहेत आणि तिथल्या कारखान्यांची सुट्टी शुक्रवारची. त्यामुळे मटण शुक्रवारी, पाहुणे शुक्रवारी, आणि शनिवारी सकाळी आईचं ठरलेलं, "चला, आठवडा सुरू झाला." शाळेत मुली चिडवायच्या, "तुमच्याकडे दिवाळी पण उन्हाळ्यात येते का गं?" मी हसायचे, पण लाज वाटायची.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मला ठाण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत इंटर्नशिप मिळाली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, ऑफिसात खुर्ची मिळालेलीही पहिलीच. परीक्षेनंतर मला नोकरीत ठेवायचं की नाही, हे तिथले सर माझं काम बघून ठरवणार होते.

काम एका रिपोर्टचं होतं. डोंबिवलीचाच दुसरा एक कारखाना जर्मनीला सुटे भाग पाठवतो. तिकडचं गिऱ्हाईक ऑर्डर देताना तारीख सांगत नाही, वर्षातल्या आठवड्याचा नंबर सांगतं. बाराव्या आठवड्यात एवढे खोके पाठवा. माल वेळेत निघाला तर रिपोर्टमध्ये ओळ हिरवी, उशीर झाला तर लाल.

रिपोर्ट चालू झाला आणि कारखान्यातून फोन आला. गिऱ्हाईक म्हणतंय माल वेळेत निघाला, मग तुमचा रिपोर्ट लाल का दाखवतो? सर माझ्या टेबलाशी आले. "उद्या संध्याकाळपर्यंत नीट कर. नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी देतो."

मी सगळा हिशेब पुन्हा तपासला. चूक सापडेना. शेवटी सहज प्रत्येक लाल ओळीपुढे वार लिहिला. एक ओळ सोडली तर सगळे रविवार.

शेजारच्या टेबलावरचा सीनियर दादा वाकून बघत म्हणाला, "रविवारी कोण माल पाठवतं? एंट्री चुकल्यात. उडव त्या."

"रविवारी कारखाना चालू असतो," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

"माझ्या पप्पांची सुट्टी शुक्रवारी असते." हे इतकं हळू बोलले की त्याने परत विचारलं.

मग मी सॉफ्टवेअरची माहिती वाचायला घेतली. आमचं सेटिंग अमेरिकेचं होतं. तिकडे आठवडा रविवारी सुरू होतो, जर्मनीत सोमवारी. म्हणजे रविवारी निघालेला माल त्यांच्या लेखी बाराव्या आठवड्यातला आणि आमच्या लेखी तेराव्यातला. वर्षाचा पहिला आठवडा कुठला, यावरसुद्धा देशांचं एकमत नाही. खाली एक यादी होती. काही देशांत आठवडा शनिवारी सुरू होतो. ती ओळ मी दोनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

"अगं, जर्मनीचं कॅलेंडर काय वेगळं असतं?"

"आठवड्यांचं वेगळं असतं, सर." रविवारी माल कसा निघतो तेही सांगितलं, पप्पांच्या शुक्रवारच्या सुट्टीसकट. त्यांच्यासमोर सेटिंगची एक ओळ बदलली आणि रिपोर्ट चालवला. लाल ओळी पटापट हिरव्या झाल्या. एक तेवढी राहिली.

"ही?"

"ती मंगळवारची आहे. तो माल खरंच उशिरा गेलाय, सर."

सर एवढ्या जोरात हसले की बाहेरून दादाने डोकावलं. "परीक्षा कधी संपतेय तुझी? संपली की लगेच जॉइन हो. आणि तुमच्या त्या शुक्रवारासारखं अजून काही असेल तर आधी सांगत जा बाई!"

त्या शुक्रवारी ऑफिसातून घरी पोचले तेव्हा जिन्यापर्यंत मटणाचा वास येत होता. नोकरीचं सांगितल्यावर आईने पदराने हात पुसले आणि मला जवळ ओढलं. मग मी शनिवारवाल्या देशांचं सांगितलं.

पप्पा ताटावरून उठलेच. "म्हणजे परदेशात पण आपला टाइम चालतो? थांब, उद्या कारखान्यात सांगतो सगळ्यांना."

"उद्या कशाला?" आई म्हणाली. "शेजारी आत्ता सांगा."

आणि पप्पा खरकट्या हातानेच शेजाऱ्यांचं दार ठोठावायला गेले.