खुणेचा दगड

इले फूजेर या आमच्या डोंगरातल्या वस्तीच्या वाटांवर रस्ता दाखवणाऱ्या लाल-पांढऱ्या पट्ट्या रंगवायचं काम फुल्बेरकडे होतं. पावसाळी वादळं सरली की तो रंगाचे दोन डबे, ब्रश आणि कोयता घेऊन निघायचा. सकाळी वरच्या खिंडीतून उतरायचं, दुपारी आमच्याकडे जेवायचं आणि संध्याकाळच्या आत पलीकडे चढून जायचं, अशी एका दिवसाची भटकंती करणारी माणसं त्या पट्ट्यांवर डोळे मिटून विश्वास टाकतात. माझं दुकान वाटेवरच आहे, म्हणून मला ठाऊक. "पट्टी कुठाय?" एवढाच प्रश्न ते विचारतात.

त्या वर्षी फुल्बेरची बायको लुसेत अंथरुणाला खिळली होती. वाट तिच्या खिडकीला घासून जायची. चालणाऱ्यांना काय कल्पना! मोठमोठ्याने हसायचे, पाणी मागायचे, कुणी खिडकीशी उभं राहून फोटो काढायचं. लुसेतला जरा डोळा लागला की बाहेर काठी आपटलीच.

एके दिवशी फुल्बेर ब्रश घेऊन दोन वाटा फुटतात तिथल्या दगडापाशी गेला. खिडकीशी येणाऱ्या खालच्या वाटेवर त्याने 'ही वाट चुकीची' अशी फुली मारली आणि पट्ट्या वरच्या जुन्या वाटेकडे वळवल्या. ती वाट लाल पेरूच्या झुडपांतून वळसा घालून माझ्या दुकानाच्या मागे उतरते. पंधरा मिनिटं जास्त. मध्ये घळीच्या कडेने जावं लागतं, पण कोरड्या दिवसांत तिथे म्हातारी माणसंही चालत. त्याने कुणाला विचारलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "वरून वनखात्याच्या ऑफिसातून सांगितलंय."

दोन महिन्यांनी लुसेत गेली. पट्ट्या तशाच राहिल्या.

आमच्याकडे पावसाळा जानेवारीतला. त्यात वादळ आलं, चार दिवस पाऊस कोसळला. घळीची कड आतून पोखरली गेली, वरून मात्र गवत तसंच. एप्रिलमध्ये रेजिन नावाची शाळेतली बाई किनाऱ्याकडून एकटीच चालायला आली. पट्टी बघत बघत ती वर वळली आणि कडेसकट खाली गेली.

तिची हाक फुल्बेरनेच ऐकली. दोर बांधून तो उतरला. तिचा गुडघा पार उलटा फिरला होता. त्याने स्वतःचा सदरा फाडून बांधला आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत तीन तास तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. माझ्याकडून थर्मासभर कॉफी नेली होती, ती चमच्याने पाजली. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी त्याचं नाव घेतलं, तेव्हा तो उठून बाहेर निघून गेला. सगळ्यांना वाटलं, काय साधा माणूस!

गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही. तरी दुसऱ्या वर्षी रेजिनबाई आली, लंगडत, सोप्या बाजूने. सोबत रताळ्याचा केक.

"फुल्बेरदादा, तुम्ही नसता तर माझी मुलं पोरकी झाली असती."

"बाई, राहू दे."

"राहू दे काय? खा आधी."

त्याने तुकडा तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चघळत राहिला. ती गेल्यावर दुकानामागे जाऊन घास थुंकला. मी पाणी दिलं तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "आता बोलून काय तिचा पाय बरा होणारेय? गप्प बस." हे मी म्हटलं, तेही लिहायला हवं.

तिसऱ्या वर्षी पुन्हा केक. तिने कापायला सुरी मागितली आणि फुल्बेर एकदम म्हणाला, "बाई, ती वाट चुकीची होती. खूण मी हलवली होती."

बाईला आधी कळेना. त्याने लुसेतचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं, फुलीचं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने एकच विचारलं, "तुमची बायको गेली जूनमध्ये. मी पडले एप्रिलमध्ये. मधल्या दहा महिन्यांत खूण परत का नाही लावली?"

मला वाटलं, तो दुःखाचं काही सांगेल. सांगितलं असतं तर ते तिनेही मानलं असतं. पण तो म्हणाला, "कंटाळा केला. रोज म्हणायचो, उद्या जाऊ. डब्यातला रंग वाळला होता, नवा मागवायचा राहिला. आणि खरं सांगतो, अंगणात शांतता होती ती बरी वाटायला लागली होती."

"म्हणजे माझा पाय तुमच्या कंटाळ्यापायी गेला."

"हो, बाई."

तिने सुरी टेबलावर ठेवली, काठी घेतली आणि निघाली. केक तसाच राहिला. आम्ही दोघांनीही त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी फुल्बेर चढून ऑफिसात गेला आणि स्वतःच्या तोंडाने सगळं सांगून आला. त्यांनी लिहून घेतलं, सही घेतली, ब्रश काढून घेतला. पट्ट्या आता माझी सून मार्लीज रंगवते. फुल्बेर फक्त झुडपं तोडतो, तेही कुणी न सांगता. गावात काहींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. एकाने तोंडावर सुनावलं, "तुझ्यामुळे आमच्या वाटांचं नाव खराब झालं." फुल्बेरने मान हलवली.

मधे एक वर्ष रेजिनबाई आली नाही. यंदा ऑगस्टमध्ये आली, रिकाम्या हाताने. दुकानात कॉफी घेतली. फुल्बेर पायरीवर कोयत्याला धार लावत होता, त्याच्याकडे पाहिलंही नाही. कॉफी संपल्यावर म्हणाली, "मला नदीपर्यंत जायचंय. एकटीला उतारावर भीती वाटते."

फुल्बेर उठला. "दोन पावलं पुढे राहतो. घसरलात तर माझ्यावर पडाल."

"हळू चाला म्हणजे झालं."

दोघं तीन तासांनी परतले. तिचे बूट चिखलाने भरले होते. ती कुणाचा निरोप न घेता वर निघून गेली. मी फुल्बेरला विचारलं, "माफ केलं का रे?"

"मी विचारलं नाही," तो म्हणाला. "ती नदीत पाय सोडून बसली होती, मी जरा लांब बसलो होतो."