राणेकाकांचं नाक

राणेकाका पाणीसुद्धा हुंगून पीत. आखातात, सीफ भागातल्या आमच्या हॉटेलात कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाईन घ्यावी, हे पाहुण्यांना सांगायचं काम वीसेक वर्षं त्यांच्याकडे होतं. ते कणकवलीकडचे. मी पुण्याहून आलेली, रेस्टॉरंटच्या दारात पाहुण्यांचं स्वागत करणारी. दुसऱ्यांना इतकी वाईन पाजणारा हा माणूस स्वतः घोटभरही पोटात जाऊ देत नसे. तोंडात फिरवून थुंकून टाकी. "बाय, चव नाकात असता," ते म्हणत. "जीभ नुसती हजेरी लावता."

एका हिवाळ्यात त्यांना सणकून ताप आला. पंधरा दिवस मुहर्रक भागातल्या आपल्या खोलीत पडून होते. परत आले तेव्हा पाणी सरळ गटागटा पिऊ लागले. मी विचारलं तर इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "बाय, नाक मफी!"

मफी म्हणजे अरबीत 'नाही'; त्यांना कसलाच वास येत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, येईलही कदाचित. तोवर जुन्या वाईन ते आठवणीवर निभावत होते. पण मॅनेजरने जर्मनीहून नवीच मागवली: दोन जातींच्या काळ्या द्राक्षांची, ओकच्या पिंपात मुरवलेली रेड. ती बनवणाऱ्या बाई स्वतः गुरुवारी जेवायला येणार होत्या आणि सोबतचे पदार्थ काकांनी ठरवायचे होते.

दुपारी रेस्टॉरंट रिकामं असताना त्यांनी ग्लास माझ्यासमोर ठेवला. "हुंग आणि सांग."

"वाईनसारखा वास येतोय, काका."

"वा! आणि आंब्याक आंब्यासारखो येता मा? डोळे मीट गो. घरातला काय आठवता?"

मी डोळे मिटले. आधी मीठ लावलेली जांभळं आली. मग तुपात पडलेली लवंग. शेवटी आईचं नवंकोरं लाकडी कपाट.

"कपाट म्हणजे ओकचा पिंप!" काका खूश झाले. त्यांनी घोट घेतला, गालात घोळवला, थुंकला. "तुरट आसा. भाजलेल्या मटणाची चरबी ह्येका आवडात. अळंबी चलात, जुना चीजपण. पण शेफची मिरचीवाली कोळंबी नको. तिखट आणि तुरट ताटातच भांडतले."

शेफ रुसला, पण गुरुवारी कोळंबी आली नाही. जर्मन बाईंनी मटणाचा तुकडा खाल्ला, वर घोट घेतला आणि मान डोलावली. मग काकांना विचारलं, "तुम्हाला स्वतःला हिच्यात कसला वास येतो?"

काका सहज थाप मारू शकले असते. सगळं पाठ होतं त्यांना. पण त्यांनी मला दारातून बोलावून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, तापानंतर मला वास येत नाही. जीभ माझी आहे, नाक हिचं."

मॅनेजरचा चेहरा पडला. बाईंनी ग्लास माझ्याकडे सरकवला. घाबरून मला जांभळाचं इंग्रजी नाव आठवेना, म्हणून मी 'जांभूळ'च म्हणाले. "चांबुल," बाईंनी दोनदा म्हणून पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने काकांना केबिनमध्ये बोलावलं. ते बाहेर आले तेव्हा हसत होते, पण डोळे लाल होते. कॉन्ट्रॅक्ट संपायला सहा महिने होते. तोवर त्यांनी मला शिकवायचं, मग खलास.

"थाप कशाला नाही मारलीत, काका?" मी चिडून विचारलं.

"ती बाई तिच्या झाडांची गोष्ट विचारी होती गो. तिका खोटा कसा सांगू?"

सहा महिने त्यांनी मला शिकवलं, रागावले, हसवलं आणि गावी गेले. त्यांचं काम आता मी करते.

गेल्या महिन्यात दुपारी त्यांचा फोन आला.  "बाय, शेजारच्या वयनीन सुके बांगडे भाजल्यान. माका वास इलो! तसोच उठान तिच्या चुलीकडे जावन बसलंय. ती विचारता, काय होया? मी म्हटलंय, काय नको गो. तू भाजीत ऱ्हव."