दोरा नसलेली तार

सकाळी तोंड धुतलं की अक्का गॅलरीत यायची आणि भिंतीवरच्या लाकडी पट्टीवरून बोट फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. एखादी क्लिप ढिली लागली की थांबायची आणि ती ज्याच्या दारासमोर असेल त्याच्याकडं चोराकडं बघावं तसं बघायची.

अक्का म्हणजे आमची चाळमालकीण. सोलापुरात यंत्रमागवाल्यांच्या वस्तीत ही चाळ होती. मीटर एकच, अक्काच्या घरात. तिथून प्रत्येक खोलीची तार निघून त्या पट्टीवरून जायची. एक तार दुसरीवर चढलेली तिला खपायची नाही. "चुंबळ केली की तापत्यात. मग सूत पेटतं," म्हणायची. वीत-वीत अंतरावर पत्र्याची क्लिप, आणि ओळखायला प्रत्येक भाडेकरूच्या तारेला मागावरच्या सुताचा रंगीत दोरा. आमचा हिरवा, तुळसाचा तांबडा. शेजारच्या चाळीत तारा जळून भिंती काळ्या झाल्या. आमच्याकडं कधी ठिणगी उडाली नाही. तिचं हे चांगलं होतं, म्हणून आधी लिहिलं.

पण बटणंही तिच्याच खोलीत, ओळीनं, त्याच रंगांचे दोरे बांधलेली. नळावर भांडलं, बटण बंद. जोरात हसलं, बटण बंद. "बसा अंधारात. अक्कल तितंच येती."

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, एकदा म्हणाले, "आमची अक्कल येऊन परत पण गेली, अक्का. लावा की आता."

अक्का पोट धरून हसली. बटण लावलं नाही.

तुळसा माझी शेजारीण. चादरींच्या काठाच्या दशांना गाठी मारून देण्याचं काम करायची. तिचे नऊ महिने भरत आले होते. खाली वाकवेना, म्हणून तिनं रंगवलेल्या सुताची ओली लडी त्या पट्टीवरच वाळत टाकली. अक्कानं पाहिली. तांबडं बटण बंद.

त्याच दिवशी दिवेलागणीला तुळसाच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण आली आणि उजेड मागू लागली. आमच्या मालकांनी घाईनं आमच्या बल्बवरून एक तार ओढून तिच्या खोलीत नेली. अक्का दारात आली. आधी बाळंतिणीकडं नाही, वर बघितलं.

"ही लोंबकळती कुणाची?"

"अक्का, बटण लावा, तार काढतो," मालक म्हणाले.

"लडी टाकताना इचारलं व्हतं का मला?" असं म्हणून तिनं काठीनं तार खाली ओढली. "खाली पाणी सांडलंय, वर उघडी तार. मराल सगळी."

तेही खरंच होतं. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील, ज्यांचं सगळं खरं असतं.

पोर कंदिलाच्या उजेडात झालं. रडलं नाही. नाळ मानेभोवती होती, सुईणीला उशिरा दिसली. सकाळी ऊन आत आलेलं असताना तुळसाच्या डोक्यावरचा बल्ब पेटला. अक्का दारातून म्हणाली, "लावलंय बघ."

तुळसानं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं.

पुढं अक्काच्या घरात सून आली. तिनं मोठी खोली आणि बटणं घेतली. अक्काची खाट गॅलरीच्या टोकाच्या, सुताची पोती ठेवायच्या खोलीत गेली. तिथली तार त्याच पट्टीवरून यायची, पण तिला दोरा नव्हता. अक्कानं स्वतःच्या खोल्यांच्या तारांना कधी दोरा बांधलाच नव्हता. सून संध्याकाळीच बटण बंद करायची. "म्हातारीला काय पोथी वाचायचीया?"

एकदा मी तुळसाकडं गाठी मारायला बसले होते. अक्का दाराची चौकट धरून उभी राहिली.

"तुळसा, तुझ्या बल्बातनं येक तार दे की गं. तितं काय दिसंना मला."

तुळसानं मान वर केली नाही. "लोंबकळती दिसंल, अक्का."

अक्कानं चौकट सोडली. "व्हय," म्हणाली, "तसं बरं न्हाय दिसत." मग पट्टीवर बोट ठेवून चाचपडत आपल्या खोलीकडं गेली.

अक्का वारली तेव्हा सकाळ होती. आम्ही बाया खोलीबाहेर जमलो. सून लगबगीनं घरात गेली आणि अक्काच्या डोक्यावरचा बल्ब पेटला. "लावलंय," ती येऊन म्हणाली. "या, बघून घ्या."

कुणी पुढं होईना. तुळसा एकटी आत गेली. अक्काचे डोळे नीट मिटले नव्हते आणि बल्बचा उजेड थेट त्यांवर येत होता. तुळसानं अक्काचा पदर ओढून तिच्या डोळ्यांवर घातला.